भागुजीमामांची बारी आणि माझे तीन पंप

स्टार्टर पहिला

आमची पिकअप डिझेलवर चालत असे. निदान बनवणाऱ्यांचं तसं म्हणणं होतं. प्रत्यक्षात ती

स्टार्टर दुसरा

दोन हजार एक सालच्या माघात मी सासऱ्यांना चारचौघांत शब्द दिला, की तुमची शर्यतीची बैलं येत्या चैत्रात माझ्या गाडीतून वेळेवर घाटात पोचतील. शब्द दिला तेव्हा गाडी उभी होती. उभ्या गाडीबद्दल माणूस काहीही

स्टार्टर तिसरा, दात-ओठ खाऊन

लागली. आता बंद पडायच्या आत सांगून घेतो.

मी वारूळवाडीला राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. गाडी माझी नव्हे. मास्तराला जोडधंदा करता येत नाही, म्हणून गाडी ज्योत्स्नाची, म्हणजे माझ्या बायकोची. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवायला ही जुनी पिकअप आम्ही त्या माघातच घेतली. कागदोपत्री मालकीण ती. मी फक्त गाडीखाली झोपायचो, तेलात माखायचो आणि लोकांची बोलणी खायचो. याला कोणताही कायदा धंदा म्हणणार नाही.

सासरे भागुजीमामा आंबेगाव तालुक्यातले. त्यांना मुलगी एक आणि बैलं दोन, आणि जीव कुणावर जास्त हा प्रश्न त्यांच्या घरात कुणी विचारत नाही. आमच्याकडे यात्रेला बैलगाडे पळतात. ज्या चढावर पळतात तो घाट आणि गाड्याची पाळी ती बारी. गाडा घाटात मिळतो, बैलं आपली न्यायची. नाव पुकारलं तेव्हा गाडा जुंपलेला नसेल तर बारी गेली, ती पुढच्या चैत्रापर्यंत गेली. मामांचा पाखऱ्या आता उताराला लागला होता. पुढच्या वर्षी तो पळणार नाही, हे पाखऱ्या सोडून सगळ्यांना माहीत होतं. यंदाचा घाट जुन्नरच्या पलीकडे. तिथवर चालवत नेलं तर बैलं पळायच्या आधीच दमणार. मामांनी नेहमीचा टेम्पो सांगून ठेवला होता. मी तो रद्द करायला लावला.

"जावई असताना परक्याचा टेम्पो?" मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "मास्तर, बगा हां," एवढंच म्हणाले. एरवी ते मला जावईबापू म्हणतात.

पहिला गिअर

त्यानंतर आठवडाभरात गाडी बंद पडायला लागली. सपाटीला उत्तम. चढ आला, इंजिनानं जोर मागितला, की खोकायची आणि गप्प व्हायची. थोडा वेळ थांबलं की आपली आपण सुरू. नवऱ्यावर रुसलेली बाई जशी कुणी समजूत न काढता चहाच्या वेळी बोलायला लागते, तशी. (हे वाक्य ज्योत्स्नानं वाचलेलं नाही.)

बंद पडायची तिची लाडकी जागा लेण्याद्रीच्या पायथ्याशी होती. तिकडच्या वाडीतला माल आणताना ती दर वेळी तिथेच थांबे. मीही घाम पुसत डोंगराकडे बघत बसे. हार-नारळवाल्या चिमाबाईंनी एक दिवस न राहवून विचारलं, "सर, लई दिस बगते, तुमी येता, पायथ्याशी बसता, पर वर काय चढत न्हाई. नवस बोललाय का?"

मी हो म्हणालो. गाडी बंद पडते हे सांगण्यापेक्षा मी भाविक आहे असं सांगणं सोपं होतं.

मेकॅनिक भरत. त्याचं गॅरेज हायवेच्या कडेला एका बाभळीखाली. त्यानं बॉनेट उघडलं, कान लावला आणि म्हणाला, "सर, लिफ्ट पंप गेला. टाकीतलं डिझेल वर ओढून इंजिनाला पाजायचं काम त्याचं. आता ओढत न्हाई. नवीन टाका."

"म्हणजे पोकळी निर्माण होत नाही," मी म्हणालो. आठवीला मी हेच शिकवतो.

"पोकळी बिकळी न्हाई सर, पंप."

मध्येच एक ओटा

आमच्या शेजारचे चांगदेवराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. ड्रायव्हरच्या पाठीमागे सारी नोकरी डिझेलच्या वासात काढल्यामुळे इंजिनाबद्दल त्यांच्याकडे पक्की मतं होती. त्यांच्या ओट्यावर माझ्या पंपाचा विषय निघाला आणि अख्खी आळी स्थळ सुचवायला जमली.

"कंपनीचा घ्या. खोक्यावर चमकणारं चित्र असतं, ते बगून घ्या."

"कंपनीचं नुसतं नाव. आतला माल सगळ्यांचा एकच. लोकल घ्या."

"माझ्या मेव्हण्याच्या जीपला लोकल बसवलाय. अजून चालू हाय."

"जीप?"

"पंप. जीप विकली."

चांगदेवरावांनी सगळ्यांना बोलू दिलं आणि मग, शेवटच्या स्टॉपला तिकीट तपासावं तसं, एकेकाला बाजूला काढलं. "हे बघा सर, हे सगळे ओढणारे पंप. जमाना ढकलणाऱ्याचा आहे. विजेवर चालणारा पंप येतो. टाकीशेजारी बसवायचा. किल्ली फिरवली की घूं करतो आणि डिझेल हजर. डबल बेल."

"तुम्ही बसवलेला पाहिलाय?"

"पाहिला नाही. पण असा असणार."

विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला घाईत निर्णय घ्यायचा नव्हता. मी एका कागदावर तिन्ही पंपांचे गुणदोष मांडले आणि ज्योत्स्नाला दाखवले. "मला पाहायला आला होतात तेव्हा एवढा विचार केला होता का?" तिनं विचारलं. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

न्यूट्रल (इथे कथा पुढे जात नाही, पण आत्या येते)

आमच्याकडे गोजरआत्या राहते. वडिलांची बहीण. घरात तिचा शब्द चालतो, कारण तो थांबत नाही. तिचे नियम थोडे आहेत पण पक्के. नवी वस्तू घरात आली की आधी रात्रभर देवापुढे, मग वापरात. आणि दुसरा नियम असा, की घरातून कुणाचं भांडं रिकामं परत जायचं नाही. शेजारणीनं आमटीची वाटी दिली तर परत देताना तिच्यात साखर, नसेल तर चार दाणे तांदूळ. "भरल्या घरातनं पोकळ वस्तू पोकळ जाऊ न्हाई," असं तिचं म्हणणं. त्यासाठी तिच्या कमरेला तांदळाचा बटवा कायम.

हा नियम ती भांड्यापुरता ठेवत नाही. नोकरी लागल्यावर मी नवी ब्रीफकेस घेतली. पुढे शाळा तपासायला साहेब आले. मी ती मोठ्या रुबाबात त्यांच्यासमोर उघडली, तर पाठटाचणांवर तांदूळ. साहेबांनी दोन दाणे उचलून पाहिले आणि विचारलं, "शाळेत धान्यवाटप तुमच्याकडे असतं का?"

असो. हे मी का सांगितलं कोण जाणे. गिअर टाकतो.

पंप क्रमांक एक: लोकल

भरतचा सल्ला मानून पहिला लोकल घेतला. पहाटे देवापुढून उचलला, हळदकुंकू पुसलं आणि भरतकडे नेला. त्यानं पंपाच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी काढली. "टोपी जरा ढिली व्हती," म्हणाला. पंप बसवला. हातानं दाबून पाहिला. पुन्हा दाबला. डिझेलचा थेंब वर येईना.

"आतनंच खराब दिसतोय. डुप्लिकेट."

"उघडून बघ ना."

"उघडला तर गॅरंटी जाईल सर."

मी तो तसाच दुकानात परत नेला. दुकानदारानं पंपापेक्षा टोपी जास्त वेळ पाहिली. "टोपी उघडलेली हाय. उघडलेल्या मालाला गॅरंटी न्हाई."

"टोपी न उघडता पंप बसणार कसा?"

"ते तुमी मेकॅनिकला विचारा."

मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला दुकानदाराला विचारा. पंप उघडला तर गॅरंटी जाते, नाही उघडला तर तो खराब आहे हे सिद्ध होत नाही. शिक्षण खात्यात इतकी वर्षं काढूनही इतका गोल नियम माझ्या पाहण्यात नव्हता.

पंप क्रमांक दोन: कंपनीचा

पुण्याहून आणला. खोक्यावर चमकणारं चित्र होतं. ते अख्ख्या आळीनं उन्हात तिरकं धरून पाहिलं आणि पसंत केलं. रात्री देवापुढे. सकाळी भरतकडे. यानं निदान डिझेल उचललं. गाडी बाभळीपासून वळणापर्यंत गेली, खोकली आणि थांबली.

पुण्याच्या दुकानाला फोन लावला. ते म्हणाले, मेकॅनिकचं पत्र पाठवा. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह.

"लेटरहेड?" भरत म्हणाला. "सर, माझ्याकडं बोर्ड न्हाई अजून."

शेवटी मीच जुन्नरहून त्याला रबरी शिक्का करून आणला: भरत ऑटो वर्क्स, हायवे. पत्र गेलं. उत्तर आलं की कंपनीचा माणूस येऊन पाहील. तो अजून यायचा आहे. भरतचा मात्र फायदा झाला. त्याला शिक्का इतका आवडला की पुढे पंक्चरच्या चिठ्ठीवरही तो शिक्का मारल्याशिवाय चाक देईना.

यात्रा तोंडावर आली होती. मामांचा सांगावा आला: टेम्पोवाला इचारतोय, मोकळाच हाये, येऊ का म्हन्तो. मी उलट सांगावा धाडला, गाडी फर्स्टक्लास आहे. त्या क्षणी गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि आत, जिथे पंप असतो तिथे, एक भोक होतं.

"बाबांना खरं सांगा," ज्योत्स्ना म्हणाली. "गाडी माझ्या नावावर आहे म्हणून म्हणते."

"शब्द माझ्या नावावर आहे," मी म्हणालो. वाक्य मला आवडलं होतं. तिला आवडलं नसावं.

पंप क्रमांक तीन: घूं

विजेचा पंप चांगदेवरावांनी स्वतः पुण्याला जाऊन आणला आणि तान्ह्या बाळासारखा उराशी धरून एसटीतून उतरवला. रात्रभर देवापुढे राहून सकाळी तो टाकीशेजारी बसला. किल्ली फिरवली. घूं झालं, आणि त्या घूंच्या आत थोडा खर्र असा आवाज. "नवीन आहे, रुळेल," चांगदेवराव म्हणाले. गाडी नारायणगावचा बाजार फिरून न खोकता परत आली. मी त्या दिवशी सातवीच्या मुलांना काहीही कारण नसताना सुट्टी दिली.

चढ

यात्रेच्या सकाळी मामांच्या गोठ्यापाशी गाडी उलटी लावली आणि बैलं चढवली. पाखऱ्या आणि सुंदर, दोघांच्या पाठीवर झुली, शिंगांना गोंडे, कपाळावर गुलाल. मामा बैलांपाशी मागे उभे. चांगदेवराव फळीला लटकले, जन्माची सवय. पुढे मी, ज्योत्स्ना आणि मध्ये गोजरआत्या, कारण तिथल्या देवाला तिचा नैवेद्य होता.

जुन्नर सुटलं. रस्ता चढाला लागला. दूरवरून घाटातल्या लाउडस्पीकरचा आवाज यायला लागला. मी गिअर बदलला. गाडी खोकली.

तो खोकला मी ओळखतो. लेण्याद्रीच्या पायथ्याचा खोकला.

गाडी थांबली. घूं चालू होतं, खर्र चालू होतं, डिझेल नव्हतं. मागून चांगदेवरावांनी एकच बेल दिली, म्हणजे फळीवर टपली मारली. लाउडस्पीकर शेतांवरून स्पष्ट ऐकू येत होता: "यानंतरच्या बाऱ्या... भागुजीशेठ, आंबेगाव तालुका... गाडा तयार ठेवायचा हाय. हजर असाल तर खाली या, भागुजीशेठ!"

मामांनी फळी पाडून बांधाला टेकवली, बैलं उतरवली, झुली काढून खांद्यावर टाकल्या आणि रस्ता सोडून शेतातल्या पायवाटेनं निघाले. चांगदेवराव त्यांच्यामागे. जाताना पाखऱ्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बैलाच्या डोळ्यांत मास्तराबद्दल मत असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी गाडीखाली शिरलो. गॅरंटी गेली खड्ड्यात. पंपाचा पाइप सोडला, पंप काढून तोंड खाली केलं आणि तळहातावर झटकला.

तांदूळ पडले.

चांगले, अख्खे, डिझेलमध्ये मुरलेले दाणे. एकाचे तुकडे झाले होते. खर्र तो होता.

मी गाडीखालून बाहेर आलो आणि तळहात पुढे धरला. गोजरआत्यानं वाकून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचा आनंद होता.

"माझंच हायेत," ती म्हणाली.

"पंपात?"

"मग? पोकळ वस्तू. तोंड हाय, पोट हाय. भरल्या घरातनं रिकामी कशी पाठवायची?"

"आत्या... तिन्ही पंपांत घातलेस?"

"तर! एकाला घालीन अन् दुसऱ्याला उपाशी ठेवीन व्हय? टोपी काडली, दाणं घातलं, टोपी लावली."

ज्योत्स्ना दरवाज्याला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. मला वाटलं चिडली.

"पण मग जुना पंप?" मी स्वतःशीच म्हणालो. "तो तर घरात आलाच नव्हता. गाडीबरोबरच आला. तो का बंद पडला?"

"गाडी आली तवाबी घातलं व्हतं की," आत्या म्हणाली.

"कुठे?"

आत्यानं मायेनं डिझेलच्या टाकीवर हात ठेवला. "हितं. मूठभर. येवडी मोठी वस्तू, चार दाण्यात काय व्हतंय तिचं!"

मी रस्त्याच्या कडेला बसलो. सगळं विज्ञान एकदम समजलं. चढाला इंजिन जोरानं ओढतं, मूठभर तांदूळ टाकीतल्या जाळीवर जाऊन चिकटतो, डिझेल थांबतं, गाडी थांबते. थोड्या वेळानं तांदूळ सुटून खाली बसतो, गाडी सुरू. पंप कोणताही असो, लोकल, कंपनीचा, घूं करणारा. पंपाचा कधी प्रश्नच नव्हता. जुना धरून मी तीन निरपराध पंपांना खराब ठरवलं होतं.

ज्योत्स्नाला आता हसू आवरेना. ती बॉनेटवर डोकं टेकून हसत होती. "पोट भरलंय त्याचं," ती कशीबशी म्हणाली, "तो पिईल कसा!"

दाणे खाली बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी थांबलो. लाउडस्पीकरनं पुन्हा मामांचं नाव घेतलं. पंप जोडला, किल्ली फिरवली. घूं. खर्र नाही. लागली. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलानं, तांदूळ उडणार नाही अशा बेतानं आम्ही चढ चढलो. मामांची बारी गेली असणार, हे मला माहीत होतं. त्यांच्यासमोर काय बोलायचं, याची वाक्यं मी जुळवत होतो. एकही जुळत नव्हतं.

माथा

माथ्यावर आलो आणि पुढे गाड्याच गाड्या. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळे एकमेकांत अडकून उभे. यात्रेकडे जाणारा एकच रस्ता आणि त्यावर एका ट्रॉलीचा आस तुटलेला. ना पुढे, ना मागे. टेम्पोंमध्ये शर्यतीची बैलं उभी, मालक टपांवर चढून घाटाकडे हातवारे करताहेत, आणि लाउडस्पीकर एकेकाचं नाव पुकारून पुढे चाललाय. आमच्या पुढे, अगदी नाकासमोर, मी रद्द केलेला तो टेम्पो होता. त्याच्यात दुसऱ्याच कुणाची बैलं होती, आणि तो माणूस कपाळ धरून बसला होता.

गाडी तिथेच सोडून आम्ही बांधावरून धावलो. म्हणजे ज्योत्स्ना आणि मी धावलो. आत्या नैवेद्याचं ताट सांभाळत मागून, सावकाश.

घाटाच्या माथ्याला पोचलो तेव्हा खालून गाडा सुटत होता. धूळ, गुलाल, हजारभर गळे. पाखऱ्या पुढे मान काढून, शेपूट ताठ करून असा येत होता, की उताराला लागला कोण, हे पुन्हा एकदा ठरवावं लागलं असतं. "भागुजीशेठ! आंबेगाव तालुका! आली, आली, बारी आली!" लाउडस्पीकर फुटायचा बाकी होता. गाडा माथ्यावरून निघून गेला आणि पाठोपाठ मामा धापा टाकत वर आले, पागोटं हातात, डोळ्यांत पाणी, धुळीचं असेल.

मी पुढे झालो. "मामा, चुकलं. मी सांगतो काय झालं, ते डिझेलच्या..."

त्यांनी मला बोलूच दिलं नाही. दोन्ही खांदे धरले आणि जमलेल्या माणसांना मोठ्यानं सांगितलं, "ह्ये माझं जावई! अर्धी गाडेवाली मंडळी तिकडं रस्त्यात अडकून पडल्यात. ह्या माणसाला आदीच कळलं. बरोबर पायवाट फुटती तितंच गाडी हुबी केली! बैलांचं अंगबी मोकळं झालं अन् येळंतबी आलो. जावईबापू, मास्तर लोकांचा हिशेबच न्यारा!"

चांगदेवराव मामांच्या मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. डबल बेल.

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण लोक माझ्या कपाळाला गुलाल लावत होते, आणि उघड्या तोंडात गुलाल जातो. मी ते मिटलं. ज्योत्स्ना माझ्या कानात म्हणाली, "गाडी माझ्या नावावर आहे, म्हणून सांगते. पंप बदलू नका."

संध्याकाळी रस्ता मोकळा झाला. मामा बैलं घेऊन ओळखीच्यांकडे मुक्कामाला राहणार होते. आम्ही परत निघालो तेव्हा त्यांनी पिकअपच्या मोकळ्या हौद्याकडे पाहिलं आणि ते कळवळले.

"अशी रिकामी गाडी माघारी न्यायची? आजच्या दिवशी? काय तरी घाला रं तिच्यात!"

लोक नारळ आणायला धावले. गोजरआत्या कुठे धावली नाही. तिनं समाधानानं मान डोलावली आणि कमरेचा बटवा सोडला.

मी जाऊन टाकीच्या झाकणाला पाठ लावून उभा राहिलो. कुणीतरी म्हणालं, बगा, दमला बिचारा मास्तर, गाडीला टेकलाय. मी हो म्हणालो, आणि आत्या शेजारी येऊन उभी राहिली तरी तसूभर हललो नाही.